आपण ऑफिसात, गुंडू कुठे?

गेल्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार, दुपारचा सव्वा वाजलेला. मी बाणेरला एका मुलाखतीत अडकलेली आणि मोबाइल सायलेंटवर. बाहेर येऊन बघते तर मावशींचे तीन मिस्ड कॉल. आमच्या मावशी उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत. भांडी घासायला येणार नसतील, तरी शेजारच्यांकडे निरोप ठेवतात. एकदम धस्स झालं.

‘ताई, तो कुत्रा कसंतरीच करतोय. उठवत नाहीये त्याला. जीभ बघा केवढी बाहेर आलीये...’

तो कुत्रा म्हणजे गुंडू. चार वर्षांचा, गव्हाळ रंगाचा, काळ्या तोंडाचा पग. माझा नाही, माझ्या मैत्रिणीचा. ती चार दिवस नागपूरला चुलतबहिणीच्या लग्नाला गेली होती आणि जाताना त्याला माझ्या ताब्यात देऊन गेली होती. ‘अगं, काही त्रास नाही त्याचा, नुसता लोळत असतो,’ इति मैत्रीण. मीही एकदम कॉन्फिडंट. लहानपणापासून मामाकडे कुत्री बघितलेली, त्यात काय एवढं!

तर मी काय केलं, तर सकाळी साडेनऊला निघताना गुंडूला बाल्कनीत ठेवलं. पाण्याचं भांडं ठेवलं, त्याची गादी ठेवली, स्लायडिंग लावून घेतलं. सोफा कुरतडायला नको, कार्पेटवर शू नको आणि त्याला बिचाऱ्याला हवाही मिळेल, असा माझा उदात्त विचार. सकाळी साडेनऊला ती बाल्कनी खरंच मस्त असते. सावली, वारा, समोर गुलमोहर. पण माझी बाल्कनी पश्चिमेला आहे आणि बारानंतर तिथे काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं, कारण बाराला मी कधी घरीच नसते.

मावशींच्या मुलीची त्या दिवशी शाळेत पालकसभा होती, म्हणून त्या तीनऐवजी एकलाच आल्या. हे मी मुद्दाम लिहितेय. गुंडू वाचला तो माझ्या हुशारीमुळे नाही, त्या पालकसभेमुळे.

मावशींनी त्याला ओढत बाथरूममध्ये नेलं, नळाखाली भिजवलं आणि पंखा लावून फरशीवर ठेवला. हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं, पण बरोबर तेच केलं त्यांनी. पाण्याचं भांडं बाल्कनीत उपडं पडलेलं होतं. काचेच्या दारावर आतून दिसतील असे नखांचे ओरखडे होते. ते अजून आहेत. डॉक्टरांकडे पोचलो तेव्हा ताप १०६ फॅरनहाइट. दोन दिवस सलाइन, रक्ताच्या तपासण्या, किडनीवर परिणाम झालाय का याची धाकधूक. नागपूरला फोन करून मैत्रिणीला सांगणं हा माझ्या आयुष्यातला सर्वात लांब फोनकॉल होता. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘बाल्कनीत? का गं?’

या ‘का गं’चं उत्तर शोधताना जे जे कळलं, ते आज सांगतेय.

पहिली गोष्ट म्हणजे कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी जेमतेम पंजांच्या तळव्यांना असतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं. तोंडातला, जिभेवरचा ओलावा उडतो आणि तो गार होतो. म्हणजे आपल्या माठाचाच फंडा. हवा दमट असली की माठ गार होत नाही, तसा कुत्राही होत नाही. त्यामुळे मुंबईकरांनो, ‘आमच्याकडे कुठे पुण्या-नागपूरसारखं ऊन असतं’ असं म्हणून निवांत बसू नका. त्याचं नॉर्मल तापमानच मुळात १०१ ते १०२.५ असतं, म्हणजे धोक्याची रेघ तशी जवळच. त्यात पगसारखं चपटं नाक असेल तर संपलंच! धाप टाकायचा रस्ताच अरुंद. शि-त्झू, बुलडॉग, बॉक्सर सगळे याच रांगेतले.

आठवतंय ना, २००३ साली हचच्या जाहिरातीत तो पग त्या पोराच्या मागे मागे चालत होता? तेव्हापासून आपल्याकडे पग घराघरात शिरला. नाक चपटं, पाय आखूड, चेहरा कायम चिंताक्रांत. जाहिरातीत तो पोराच्या पाठोपाठ सगळीकडे गेला. बंद दारामागे आठ तास काय करतो, हे काही जाहिरातीत दाखवत नाहीत.

दुसरी गोष्ट बाल्कनीची. मी आता छातीठोकपणे सांगते, बाल्कनी ही खोली नव्हे. एका बाजूला काच, खाली तापलेली टाइल, समोर लोखंडी रेलिंग आणि डोक्यावर बहुतेकदा फायबरचा पत्रा. दुपारी तिचा ओव्हन होतो. शिवाय पडण्याची भीती वेगळीच. रेलिंगच्या गजांमधून लहान पिल्लू आरामात निसटतं आणि मोठा कुत्रा समोर कबुतर दिसलं की आधी झेप घेतो, मग विचार करतो. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कबुतर अडवायला असते, तीस किलोचा लॅब्रॅडॉर अडवायला नाही. आणि ‘पडू नये म्हणून’ पट्ट्याने रेलिंगला बांधून ठेवणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. उडी मारली तर गळफासच बसणार ना! पुण्यातल्या फ्लॅटमधली ती ड्राय बाल्कनी तर अजूनच भारी. वॉशिंग मशिन, फिनेलची बाटली, ॲसिड, झुरळांचं औषध आणि मधोमध आपला कुत्रा.

बरं, मी एकटीच बावळट की काय, म्हणून ओळखीतल्या जरा दहा-बारा जणांना विचारून बघितलं. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा तुमचा कुत्रा नेमका कुठे असतो? यातले निम्मे लॉकडाऊनवाले. २०२० मध्ये घरबसल्या कंटाळा आला, सोबत हवी म्हणून पिल्लू आणलं. वर्ष-दीड वर्ष ते चोवीस तास मांडीवर. मग ऑफिसं उघडली, कंपनीचा मेल आला आणि एका सोमवारी सकाळी घर अचानक रिकामं. त्या बिचाऱ्याला वाटलं असणार, माणसं संपलीच.

उत्तरं एकेक ऐका. एकाचा बाथरूममध्ये. एकीचा अख्ख्या घरात मोकळा (दोन हेडफोन, एक पासपोर्ट आणि सासूबाईंची चप्पल आत्तापर्यंत स्वाहा). एकाचा बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सावली दुपारी सरकते हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं, जसं माझ्याही आलं नव्हतं. एकाचा वॉचमनकाकांच्या केबिनला बांधलेला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकाशेजारी. आणि एक महाशय तर म्हणाले, ‘मी त्याला बरोबरच नेतो, गाडीत ठेवतो, काच चार बोटं खाली असते.’

या चार बोटांचं काय करायचं? २००५ साली ‘पेडिएट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. म्हणजे काळजी लहान मुलांची होती, पण गाडी तीच आणि ऊनही तेच. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस अशा वेगवेगळ्या दिवशी उन्हात बंद गाडी उभी करून आतलं तापमान मोजलं. तासाभरात ते सरासरी २२ अंशांनी वर गेलं. आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा काही फरक पडला नाही. म्हणजे ‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणून डी-मार्टच्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.

मग ठेवायचं कुठे? गुंडूच्या डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते ऐकून आधी मी हिरमुसलेच. मला वाटलं होतं एखादं भन्नाट गॅजेट वगैरे सांगतील. ते म्हणाले, ‘घरातली सगळ्यात कंटाळवाणी खोली द्या.’

कंटाळवाणी म्हणजे आतली. दुपारचं ऊन थेट न येणारी, पंखा असलेली, साधी फरशी असलेली, रस्त्याकडे खिडकी नसलेली. खिडकी असली की तो दिवसभर वॉचमनची ड्युटी करतो आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो. बऱ्याच टू बीएचकेमध्ये लहान बेडरूम किंवा पॅसेजचा तुकडा यासाठी बेस्ट. दार बंद करण्यापेक्षा लहान मुलांसाठी मिळतं ते बेबी गेट लावलेलं बरं. हवाही खेळते आणि त्याला घर दिसत राहतं. नुसता एसी लावून निघून जाऊ नका. लाइट गेली की बंद खोलीत तोच एसी काही कामाचा नाही. खिडकीची वरची झडप उघडी आणि पंखा चालू, एवढं असू द्या. पाणी दोन ठिकाणी, आणि भांडं जड, स्टीलचं हलकं नव्हे. गुंडूने पहिल्या तासातच लाथाडलं होतं की काय कुणास ठाऊक. मला कधीच कळणार नाही.

आता त्या खोलीत गुडघ्यावर बसा. खरंच बसा, हसू नका. कुत्र्याच्या उंचीवरून खोली वेगळीच दिसते. बेडखाली लोंबणारी चार्जरची वायर, कोपऱ्यातलं उंदराचं औषध, उशीखालचा मोजा. डस्टबिन तर बाहेरच काढा. आंब्याची कोय गिळून आतड्यात अडकल्यामुळे ऑपरेशन करावं लागलेली कुत्री दर मे महिन्यात येतात, असं डॉक्टर म्हणाले. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, मनुका या सगळ्या गोष्टी त्याला विषासमान. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉलही, त्यामुळे ऑफिसची बॅग खाली लोळत ठेवू नका. एक तर मला माहीतच नव्हतं. वेफर्सचं रिकामं पाकीट! चुरा चाटायला कुत्रा तोंड आत घालतो, श्वास घेतला की पाकीट नाकाला घट्ट चिकटतं आणि ते पंजाने निघत नाही. मिनिटांचा खेळ असतो. तेव्हापासून आमच्या घरात पाकिटं आडवी फाडूनच टाकली जातात.

आणि क्रेट? या विषयावर आपल्याकडे सॉलिड भांडणं होतात. ‘पिंजऱ्यात ठेवता? शी! तो काय पोपट आहे?’ असं माझी आईच म्हणाली होती. मलाही आधी तसंच वाटायचं. पण कुत्र्यांना अंगाला भिंत लागेल अशी बोळकांडी आवडते. नाहीतर तुमचा कुत्रा पलंगाखाली, टेबलाखाली का जाऊन झोपतो? प्रश्न क्रेटचा नाहीच, प्रश्न तुम्ही तो कसा वापरता याचा आहे. त्यात त्याला ताठ उभं राहता, वळता आणि पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे. आठवडाभर दार उघडं ठेवून तिथेच जेवण, तिथेच खेळणं, मग दोन मिनिटं दार बंद, मग दहा, असं करत न्यायचं. पहिल्याच दिवशी आत कोंबून ऑफिस गाठलंत तर तो जेलच. आत ठेवताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस काढून ठेवा. जाळीत अडकून फास बसतो. आणि सलग नऊ तास क्रेट हे मला तरी कुठल्याच हिशोबात मान्य नाही. मोठ्या कुत्र्याला चार तास ठीक, त्यानंतर कोणीतरी येऊन फिरवून आणायलाच हवं. पिल्लाचा ढोबळ हिशोब असा, की जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास ते शू धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे जास्तीत जास्त चार तास. तुमचं ऑफिस किती तासांचं? येण्या-जाण्याचं ट्रॅफिक धरून?

इथे कायद्याची एक गंमत सांगते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० सालचा. त्याच्या ११व्या कलमात हे सगळं आहे बरं का. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं, फार आखूड किंवा फार जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे सगळे गुन्हे. किती छान! आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत हल्ली धड कॉफीही येत नाही.

एकटं राहणं हेही शिकवावं लागतं, हे लॉकडाऊनवाल्यांनी खास लक्षात घ्यावं. कुत्रा दार ओरबाडतो, रडतो, घरभर शू करून ठेवतो तो सूड म्हणून नाही, घाबरून. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. बहुतेक वेळा सगळा तमाशा पहिल्या अर्ध्या तासातच होतो. म्हणून सुरुवात त्या अर्ध्या तासापासून करायची. चप्पल घाला, किल्ली उचला, बाहेर जा, दोन मिनिटांत परत या, काहीच घडलं नाही असं दाखवा. मग पाच मिनिटं. रविवारी करायचा उद्योग आहे हा, सोमवारी सकाळी नव्हे. शेजारी तक्रार करतात तेव्हा आपण लगेच भांडायला उभे राहतो. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ सालीच स्पष्ट केलंय, ते खरंच. पण दिवसभर भुंकणारा कुत्रा हा तक्रार करत असतो, आणि ती आपल्याविरुद्ध असते!

रात्रीचं त्या मानाने सोपं. शहरात रात्री कुत्र्याची जागा घरात, शक्यतो तुमच्या आवाजाच्या टप्प्यात. पिल्लू आणलंत तर पहिले काही दिवस त्याची टोपली तुमच्या पलंगाशेजारीच ठेवा. म्हाताऱ्या कुत्र्याला जिन्याजवळ झोपवू नका, रात्री दिसत नाही त्याला. झालं, एवढंच. पण शहराबाहेर पडलात की रात्रीचं गणित पार बदलतं. आणि हे मला गुंडूच्या कितीतरी आधी कळायला हवं होतं.

माझा मामा जुन्नर तालुक्यात राहतो. ऊस, द्राक्षं, विहीर, ओटा आणि ओट्यासमोर खुंटीला बांधलेला वाघ्या. आम्ही सगळी भावंडं सुट्टीत त्याच्याशी खेळतच मोठी झालो. मी कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. पहाटे कधीतरी बिबट्या आला. मामा उठून बाहेर येईपर्यंत साखळी होती, पट्टा होता, अंगणात ओढल्याची खूण होती, वाघ्या नव्हता. मामा तसा बोलका माणूस. त्या वेळी फोनवर नुसता म्हणाला, ‘अगं, मीच बांधला होता ना त्याला. पळणार तरी कुठं तो?’

जुन्नरकरांना हे नवीन नाही. उसात बिबट्याला लपायला जागा आहे आणि गावात खायला कुत्री आहेत. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो ‘ओरिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कोणाचा निघाला असेल? शेळीचा नाही, वासराचा नाही. कुत्र्याचा. ३९ टक्के! सगळे पाळीव प्राणी मिळून ८७ टक्के. आपण ज्याला राखणदार म्हणून अंगणात बांधतो, तो समोरच्याच्या दृष्टीने ताटात वाढलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे उसात राहतो? वीकएंडला फार्महाउस बुक करता ना? ‘पेट फ्रेंडली’ लिहिलेलं? जुन्नर, मुळशी, नाशिकच्या बाजूला? मुंबईत आरे कॉलनी किंवा नॅशनल पार्कच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये मित्र राहतात ना? रात्री गाणीबिणी चालू असतात, कुत्रा अंगणात मोकळा किंवा व्हरांड्यात बांधलेला असतो आणि सगळे म्हणतात, त्याला एन्जॉय करू दे. नको. अंधार पडला की तो आत. फिरवायचं तर पट्ट्याने, टॉर्च घेऊन, लॉनच्या कडेच्या झाडीपर्यंत न जाता. गावाकडे घरात घ्यायची पद्धत नसेल तर चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी असलेला, दाराला कडी असलेला गोठा किंवा खुराडं. वरून जाळी का, तर बिबट्याला सहा-सात फुटांची भिंत म्हणजे पायरी. मामाने वाघ्यानंतर दोन वर्षं कुत्राच आणला नाही. मग आणला तेव्हा आधी गवंडी बोलावला. आता संध्याकाळी सातला शेळ्यांबरोबर कुत्राही आत जातो आणि कडी मामा स्वतः लावतो. मामी म्हणते, घराची कडी एकवेळ विसरतील, ती नाही विसरणार.

राहता राहिलं डॉग हॉस्टेल. माझ्या मैत्रिणीने तेव्हा गुंडूला माझ्याकडे ठेवलं, कारण हॉस्टेलवर तिचा विश्वास नव्हता! असो. हल्ली चांगली हॉस्टेल्स आहेत, आणि इन्स्टाग्रामवर तर सगळीच चांगली दिसतात. स्विमिंग पूल, बर्थडे केक, पावसाळी रेनकोट. हे सगळं दिवसाचं झालं. तुम्ही एकच प्रश्न विचारा. ‘रात्री इथे कोण झोपतं?’ नाव सांगता आलं पाहिजे. ‘सीसीटीव्ही आहे ना मॅडम’ हे उत्तर नव्हे, सीसीटीव्ही कुत्र्याला दवाखान्यात नेत नाही. मग ती झोपायची जागा स्वतः जाऊन बघा, न सांगता, आणि दुपारी. गेटला दोन दारं आहेत का, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद असेल असं? अनोळखी कुत्रे रात्री एकत्र ठेवतात का? (ठेवत असतील तर निघा तिथून.) जवळचा डॉक्टर कोण, रात्री दोनला उचलतो का फोन? तुमच्याकडे रेबीज, नाइन-इन-वन, केनेल कफच्या लशी झाल्याचं कार्ड मागतात का, गोचिडांचं औषध कधी दिलं हे विचारतात का? जे हॉस्टेल तुम्हाला हे विचारत नाही, ते बाकीच्यांनाही विचारत नसणार. आणि पहिल्यांदा एकच रात्र ठेवून बघा. दहा दिवसांच्या बँकॉक ट्रिपला थेट सोडून जाऊ नका.

दिवाळीचं मात्र माझं मत अगदी पक्कं आहे. त्या रात्री एकटं ठेवायचंच नाही, घरीही नाही आणि हॉस्टेलातही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती, पण आमच्या गल्लीतल्या घड्याळात दहा वाजतच नाहीत. घाबरलेला कुत्रा उघड्या दारातून सुसाट पळतो आणि मग घराचा रस्ता विसरतो. सर्वात आतली खोली, जाड पडदे, मोठ्याने टीव्ही, सेफ्टी डोअर बंद आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. आणि आपण तिथे.

मैत्रीण सहा महिने गुंडूबद्दल माझ्याशी एक अवाक्षर बोलली नाही. बाकी सगळं बोलायची. सिनेमा, बॉस, मुलं बघण्याचे कार्यक्रम. गुंडूचा विषय आला की ‘बराय’ म्हणून गप्प. मग या डिसेंबरात तिला दोन दिवस हैदराबादला जायचं होतं. तिचा फोन आला, ‘ठेवशील?’ मी म्हटलं, ‘नक्की?’ ती म्हणाली, ‘मावशी किती वाजता येतात हल्ली?’

त्या दोन दिवसांत मी घरूनच काम केलं. गुंडू लहान बेडरूममध्ये, पंख्याखाली, फरशीवर पोट टेकवून घोरत पडलेला. बाल्कनीचं दार उघडं होतं, मी कपडे वाळत घालत होते. तो दारापर्यंत आला, उंबऱ्यावर थांबला, बाहेर बघितलं आणि परत फिरला.